कानातला आकडा

माझ्या मामाला चपला कुठे काढल्या ते आठवत नाही. टोकावड्याच्या बाजारात मीठ आणायला गेला की कोयत्याला नवी मूठ बसवून परत येतो, आणि मामीने विचारलं तर "मीठ संपलं कवा?" असं उलट तिलाच विचारतो. त्याच्या मुलीच्या, रुपालीताईच्या, बारशाला आत्या म्हणून माझ्या आईने तिच्या कानात नाव सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मामा ते नोंदवायला ग्रामसेवकाकडे निघाला, वाटेत कुठेतरी नाव सांडलं, आणि तिथे गेल्यावर तोंडात आलं ते, म्हणजे माझ्या आईचंच नाव, लिहून आला. बिचारी ताई दहावीपर्यंत कागदावर कमळ होती.

आणि हाच माणूस, आमचा बारकूमामा, गेली तीस वर्षं मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात विहिरींत बार उडवतो.

आमच्याकडे माती हातभर, खाली काळा कातळ. भातसा धरणाचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत मुंबईला जातं. आम्हाला हवं असेल तर कातळ फोडायचा. तिथे कुदळ चालत नाही. ट्रॅक्टरवरच्या कंप्रेसरने तळाशी भोकं मारायची, सुरुंगाच्या परवानेवाल्याच्या गाडीतून माल आला की भरायचा, प्रत्येकाला वात लावायची, वाती पेटवायच्या आणि चाळीस फुटांची शिडी चढून जीव घेऊन पळायचं. हे पळणं मामाने तीस वर्षं केलं. अंगावर एक ओरखडा नाही. लोक म्हणतात, विहिरीतल्या आसरा, पाण्याच्या देवता, त्याच्यावर प्रसन्न आहेत. मामा म्हणतो, "आसरा कशाला, मी भितो. भितो म्हणून हाय."

तो बाराला भीत नाही. आवाज झाला की त्याचा चेहरा खुलतो. ज्याचा आवाज झाला तो बार संपला, त्याचं भय संपलं. त्याला भय आहे ते न झालेल्या आवाजाचं. आठ वाती पेटल्या आणि सातच आवाज ऐकू आले, तर एक बार खाली दगडांत तसाच दबा धरून बसलेला असतो. त्यावर कुणाची पहार पडली की संपलं. म्हणून किती पेटल्या आणि किती वाजले, हे दोन आकडे जुळल्याशिवाय खाली कुणी उतरायचं नाही.

ऐकायला सोपं आहे. मलाही वाटलं होतं. मी बीएससी असल्यामुळे एकदा विचारलं, "मामा, कागदावर का नाही लिहीत? नायतर खिशात खडे ठेव."

"कवा लिवू?" मामा म्हणाला. "भोका नऊ मारलेली असतात. एकात पाणी शिरतं. एकाची वात दमट निघते, पेटतच नाय. खरी किती पेटली ते खाली, पेटवताना कळतं. तवा एका हातात इस्तव, दुसऱ्या हातात शिडी, आणि पायाखाली वाती फुसफुसतात. खडे काय दातात धरू?"

म्हणजे तो आकडा विहिरीच्या तळाशी जन्मतो आणि वर येईपर्यंत एकाच जागी जगतो, मामाच्या डोक्यात. तेच डोकं, ज्यात मीठ राहत नाही.

त्यावर मामाने स्वतःची एक रीत बसवली होती. दुसऱ्या कुठल्याही सुरुंगवाल्याकडे मी ती पाहिली नाही. शिडीवरून वर आला की मामा सरळ मामीकडे जायचा. धोंडीबाई मामी जवळच्या एखाद्या झाडाच्या आड ठरलेल्या जागी उभी असायची. मामा तिच्या कानाला तोंड लावून आकडा एकदाच सांगायचा. मग दोघं शेजारी बसायची, पण एक शब्द बोलायचा नाही. आसपासच्या कुणीही बोलायचं नाही. विहिरीचा मालक असो की त्याची सासू. एक एक बार वाजायचा. शेवटचा वाजून धूर निवळायला लागला की दोघांनी एकाच वेळी बोटं वर करायची: किती पेटले होते तेवढी. बोटं जुळली आणि आवाजही तितकेच झाले असले तर ठीक. एका बोटाचा जरी फरक पडला तर मोठा आकडा खरा धरायचा आणि विहीर दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. वाद नाही, भांडण नाही.

लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हळद उतरलेले नवरा-बायको अंगठी शोधायचा खेळ खेळतायत. गावातले टवाळ विचारायचे, "मामी, काय गो बोलला मामा कानात?"

"तुज्या बायकोला नाय बोलायचास तू असला," मामी म्हणायची. "ते बोलला."

सव्वीस वर्षं मामीने हे केलं. तिला शंभरापुढे मोजता येत नाही. पण ती मीठ विसरत नाही, आणि आकडाही तिने कधी विसरला नाही.

रुपालीताई मुंबईत एका प्रयोगशाळेत कामाला आहे. वाशिंदला खोली घेऊन राहते. गेल्या दिवाळीत ती घरी आली, तेव्हा मामाने तिला विचारलं होतं की तू तिथे नेमकं करतेस काय. ती म्हणाली, "बाबा, तुमी जे विहिरीवर करता तेच. फक्त उंदरांकडून करून घेते."

मामाला वाटलं, पोरगी उंदरांना बार उडवायला शिकवते.

मग ताईने ओट्यावर बसून सांगितलं. उंदराला एक दिवा दाखवायचा. डावीकडचा किंवा उजवीकडचा. दिवा विझवायचा. मग थोडा वेळ थांबायचं, आणि नंतर उंदराने बरोबर त्या बाजूच्या भोकात तोंड घालायचं. मधल्या वेळात त्याच्या समोर काहीच नसतं. तरी तो दिवा धरून असतो. कशाने? तर त्याच्या मेंदूत केसाहून बारीक तार घातली की पेशींचा आवाज ऐकता येतो. ताई म्हणाली, लाह्या फुटतात तसा. तड, तड, तड.

"दिवा विझलेला असतो, पण काही पेशी तडतडतच राहतात. एकटी पेशी टिकत नाय. एकदा तडकली की पापणी लवायच्या आत गप्प. पण ती गप्प व्हायच्या आत शेजारणींना डिवचते, त्या परत तिला डिवचतात. असा त्यांचा गलका चालू राहतो. तो गलका म्हणजेच तो दिवा. कुठे लिहिलेलं नसतं, कोरलेलं नसतं. गलका हाय तोवर आठवण हाय."

"वातीसारखं," मामा म्हणाला. "जळतंय तवर हाय."

"तसंच. आता काही शास्त्रज्ञ म्हणतात की गलका मधेच थांबतो आणि पेशींच्या सांध्यांत थोडा वेळ खूण राहते. भांडणं चालूयत त्यांची. पण आमी रोज ऐकतो ते हे."

मामा करंजी हातात धरून बसला होता. खात नव्हता. त्याने विचारलं, "आणि मधेच कोण बोलला तर? त्या उंदराशी?"

ताई हसली. "मधेच खट्ट केलं की कधी कधी सगळ्या पेशी गप्प होतात. मग उंदीर बावचळतो, इकडे बघतो, तिकडे बघतो. ते आपल्याला कळतं. पण कधी कधी गलका विझत नाय, सरकतो. ह्या पेशींचा त्यांच्या शेजारच्या पेशींकडे जातो. मग उंदीर बावचळत नाय. थेट चुकीच्या भोकात जातो. एकदम ठाम. जसं काय त्याने तोच दिवा पाहिला होता."

मामाने करंजी ताटात ठेवली. "विसरला तर कळतं," तो म्हणाला. "सरकला तर कळत नाय."

आणि मग त्याने महादू उस्तादाची गोष्ट सांगितली. मामी आत उठून गेली, म्हणजे तिला ती ठाऊक होती. मी आणि ताई पहिल्यांदाच ऐकत होतो.

महादू उस्ताद म्हणजे मामाला हे काम शिकवणारा माणूस. शहापूरच्या अंगाला एका विहिरीवर काम चाललं होतं. उस्ताद शिडीने वर आला, मामाने हात दिला. हात देताना मामाला उस्ताद पुटपुटताना ऐकू आला: नऊ, नऊ, नऊ. मग बसले. तेवढ्यात मालकाने हाक मारली, उस्ताद, जेवून जाणार ना, आज कोंबडी कापलीय. उस्ताद खूष झाला, म्हणाला, रस्सा तिखट करा. बार वाजले. शेवटी उस्ताद कपडे झटकत उठला. "झाले आठ," म्हणाला. "चला."

"मला नऊ आठवत होते," मामा म्हणाला. "पण मनात आलं, उस्ताद हाय तो. त्याला ठाऊक नसंल? माझीच चूक असंल. मी गप रावलो. तो उतरला, हसत उतरला."

पुढचं त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

"तो इसरला नवता रे. इसरला असता तर थांबला असता. त्याला आठच आठवत होते."

त्या दिवसापासून मामा एकट्याच्या डोक्यावर विसंबला नाही. आकडा दुसऱ्याच्या कानात ठेवायचा, आणि त्या दुसऱ्याने काही झालं तरी बोटं वर करायची. गप्प राहायचं नाही. रीत तिथून आली होती. इतकी वर्षं मी तिची चेष्टा करत होतो.

ह्या वर्षी मे महिन्यात मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती महिनाभर वाशिंदला ताईकडे राहिली. मी पोलीस भरतीची वाट बघत घरी बसलो होतो. म्हणजे पहाटे पळायचं आणि दिवसभर दमायचं. आई म्हणाली, मामाबरोबर जा. असा मी मामीच्या जागी लागलो.

मामीने फोनवर सूचना दिल्या. "भाविक, आकडा कानात आला की दुसरीकडं बघू नको. जिभेनं दातावर ठोके मार. जितका आकडा तितके. परत परत. थांबू नको, थांबलास की गेला. आणि तोंड बंद ठेव. तुला जमायचा नाय, पण ठेव."

पहिल्या आठवड्यात जमलं. पाच, सहा, परत सहा. बघायला काहीच नसतं त्यात. पण डोकं म्हणजे ओंजळ होते आणि आकडा म्हणजे पाणी. डोळ्यांसमोरून फुलपाखरू गेलं तरी वाटायचं, गळलं. पाच म्हणताना मधेच शंका यायची की मी पाच म्हणतोय ते मामाने सांगितले म्हणून, की आता मीच म्हणतोय म्हणून? बार संपून बोटं जुळली की माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ जायचा. मामा मात्र माझी बोटं बघायचा आणि मगच श्वास सोडायचा. ते पाहिल्यावर मला जास्त भीती वाटायची. इतका भार माझ्यावर कुणी आयुष्यात टाकला नव्हता, भरतीवाल्यांनीसुद्धा नाही.

पुढचं काम ज्ञानेश्वरदादाच्या विहिरीचं होतं. माळशेजच्या रस्त्यापासून कच्च्या वाटेने आत. दादाला घाई होती. तळाला एका कोपऱ्यात झरा लागला होता, नुसतं पाझरत होतं. आणखी चार फूट गेलं की विहीर भरणार, असं त्याला पाणाड्याने सांगितलं होतं. पावसाच्या आत बांधून व्हायला हवी होती. आणि कंप्रेसरवाला मनोज दुसऱ्या दिवशी शहापूरकडे दुसऱ्या कामाला जाणार होता. मनोज आपला मित्रच. उंच, हसरा, कंप्रेसर बंद असतानाही ओरडून बोलणारा. बार झाले की खाली पहिला तो उतरायचा, पहार घेऊन सुटे दगड पाडायला.

त्या दिवशी मनोजने नऊ भोकं मारली. दुपारचे चार वाजले होते. त्या वाटेवरून हल्ली गाड्या येतात, ओढ्याकाठी तंबू ठोकून राहणारे मुंबईचे लोक. म्हणून वाटेवर कुणीतरी लाल फडकं घेऊन उभं राहायला हवं होतं. एरवी फडकं माझी आई धरते, पण त्या दिवशी ती लग्नाला गेली होती. दादा म्हणाला, "भाविक धरंल की. एका जागी उभाच राहायचाय ना त्याला? कान हितं, हात तितं."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "धरतो, त्यात काय."

त्यात काय. हे दोन शब्द मी आता कधी वापरत नाही.

मामाने विहिरीच्या कडेला हळद-कुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या आणि उतरला. थोड्या वेळाने शिडी करकरली. मामा वर आला, पळत माझ्यापर्यंत आला, माझ्या कानाशी तोंड आणलं. दमलेला श्वास, तंबाखूचा वास, आणि एक आकडा. तो किती होता हे मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे सांगतो. मामा मागे वळून विहिरीजवळच्या जांभळाखाली जाऊन बसला. मी जिभेने दातांवर ठोके मारू लागलो आणि फडकं घेऊन वाटेवर उभा राहिलो.

आणि पांढरी गाडी आली.

मी फडकं उंच केलं. गाडी थांबली. आत गाणी लावलेली. चालवणाऱ्याने काच खाली केली. "भाऊ, रस्ता बंद आहे का?" मी मान हलवली. "किती वेळ?" मी हाताने थांबा म्हटलं. त्याला वाटलं, मी मुका आहे. तो मोठ्याने आणि हातवारे करून विचारू लागला. "माळशेज! माळशेज घाट! किती किलोमीटर?" मागच्या सीटवरची बाई हसली.

ती हसली नसती तर मी बोललो नसतो. उत्तर माझ्या तोंडातून माझ्या परवानगीशिवाय निघालं.

"अठ्ठावीस."

आणि पहिला बार झाला.

जमीन पायाखाली एकदा हलली. मी ठोक्यांकडे परत गेलो. ठोके चालू होते, पण ते थांबले होते की नव्हते, हे मला कळेना. दुसरा. तिसरा. गाडीतली गाणी बंद झाली. चौथा, पाचवा लागून लागून. सहावा जरा उशिरा. सातवा खोलातून, दबका. मग काही नाही. धूर विहिरीच्या तोंडातून सरळ वर चढत होता. एक होला ओरडला. मी श्वास रोखून वाट बघत राहिलो. आणखी काही वाजलं नाही.

मी जांभळाखाली गेलो. मामा उभा राहिला. आम्ही एकमेकांकडे पाहून बोटं वर केली.

मामाची सात होती. एक पंजा पूर्ण आणि दोन.

माझी आठ होती.

ज्ञानेश्वरदादा आमच्या चार हातांकडे बघत राहिला. "आवाज किती झाले?"

"सात," मामा म्हणाला.

"सात," मी म्हटलं.

"सातच," मनोज कंप्रेसरवरून ओरडला.

"मग झाला ना," दादा म्हणाला. "बारकूने पेटवले सात, वाजले सात. ह्या पोराच्या एका बोटासाठी माझी इहीर बंद ठेवू?"

"मोठा आकडा खरा धरायचा," मी म्हटलं.

मामा माझ्यावर धावून आला. सव्वीस वर्षांत त्याची आणि मामीची बोटं एकदाही चुकली नव्हती. "मी सात बोललो तुज्या कानात! दोन भोकांत पाणी होता, नऊतून दोन गेले, सात रावले. माज्या हातांनी पेटवले मी. रस्त्यावर कोणाशी बोललास?"

"गाडीवाल्याशी."

"काय बोललास?"

मी खाली बघितलं. "अठ्ठावीस."

मनोजला हसू आवरेना. दादा तर कमरेवर हात ठेवून हसला. "घ्या! अठ्ठावीसातला आठ धरून बसलाय बीएससी! बाकीची वीस कुठं टाकलीस रे?" मनोजने पहार उचलली. शिडीकडे गेला, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. "बारकूमामा, उतरू ना?"

खरं सांगायचं तर सगळा हिशेब त्यांच्या बाजूने होता. पेटवणारा सात म्हणतो, कातळ सात म्हणतो, आणि आठ म्हणणारा नुकताच रस्त्यावर बडबडून आलेला. मला माझं एक बोट खाली घ्यावंसं वाटलं. फक्त एक बोट. घेतलं असतं तर दादा खूष, मामाची लाज राखली गेली असती, आणि मीही सुटलो असतो. महादू उस्तादाच्या विहिरीवर मामा नेमका इथेच उभा होता, हे मला त्या क्षणी कळलं. तेवढ्यानेच बोट वर राहिलं. धैर्य वगैरे काही नव्हतं.

मामाचं लक्ष माझ्या हातांकडे होतं. मी अजून ते वरच धरले होते, पोलिसांनी पकडल्यासारखे.

"तुला काय आठवतं?" तो हळू म्हणाला.

"आठ."

"पक्का?"

"पक्काच वाटतो, मामा. पण ताई बोलली होती ना, सरकलेला पण पक्काच वाटतो."

"माजा पण पक्काच हाय," मामा म्हणाला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "उस्तादाचा पण पक्काच होता."

तो शिडीजवळ गेला, मनोजला दंडाला धरून मागे ओढलं आणि शिडीला हात घातला. "धर रे भाविक." आम्ही दोघांनी शिडी वर खेचून घेतली आणि आडवी टाकली. दादा ओरडत होता, उद्या मनोज जाणार, पाऊस येणार, झरा बुजणार, तू आता म्हातारा झालास. मामा शिडीवर बसून राहिला. पांढरी गाडी कधी गेली ते मला कळलं नाही.

सकाळी ऊन विहिरीत उतरलं तेव्हा मामाने सगळ्यांना जांभळाच्या पलीकडे पाठवलं. मलाही. शिडी सोडली आणि एकटाच उतरला. मनोज मुद्दाम थांबला होता. शहापूरवाल्याला त्याने फोन करून काय थाप मारली कोण जाणे. काल हसणारा मनोज आता नखं खात होता. मी ठोके मारत होतो, सवयीने. आकडा नव्हता, नुसतेच ठोके.

शिडी करकरली. मामा चढत होता, पण प्रत्येक पायरीवर थांबत. डोकं दिसलं, मग खांदे. वर आल्यावर तो आमच्याकडे आला नाही, तिथेच कडेला हात टेकून उभा राहिला. त्याने मनोजला लांबूनच सांगितलं, "परवानेवाल्याला फोन लाव. त्याचा माणूस येईपर्यंत खाली कोण बघायला पण जाऊ नको."

झऱ्याच्या कोपऱ्यात, सुट्या दगडांखाली, अर्धी जळून विझलेली एक वात होती. मनोज नेहमी पहिली पहार जिथे मारतो, तिथे.

ज्ञानेश्वरदादाचं तोंड उघडं राहिलं. तो घराकडे गेला आणि एक सोडून पाच नारळ घेऊन आला. मनोज मात्र आपल्या पहारीपासून लांब जाऊन बसला, जसं काय ती चावेल.

त्या दिवसानंतर मामाने वात पेटवली नाही. परवानेवाल्याकडचा नवीन माणूस पेटवतो, आणि मामा जांभळाखाली किंवा जिथे सावली असेल तिथे मामीच्या जागी बसतो, कान पुढे करून. त्याच्या शेजारी आणखी एक कान असतो. मामी वाशिंदहून परत आली आहे. ती मामाच्या बोटांकडे बघते आणि मगच श्वास सोडते.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. मामालाही नाही. मी आठ बोटं दाखवली ती मामाने माझ्या कानात आठ म्हटलं होतं म्हणून, की अठ्ठावीस म्हटल्यावर माझ्या डोक्यातल्या सातच्या जागी आठ येऊन बसला म्हणून, हे मला ठाऊक नाही. आकडा खरा निघाला. पण मला तो खरोखर आठवत होता का? मी आजही कानात तो आवाज आणायचा प्रयत्न करतो. मामाचा श्वास येतो, तंबाखूचा वास येतो, आणि आकड्याच्या जागी कधी काय येतं, कधी काय. मनोजचा जीव माझ्या आठवणीने वाचला की एका गाडीवाल्याच्या प्रश्नाने, ते मला कधीच कळणार नाही. म्हणून वर लिहिताना तो आकडा गाळला. माहीत नसलेली गोष्ट कशी लिहू?

त्या सकाळी परवानेवाल्याच्या गाडीची वाट बघत आम्ही दोघंच शिडीवर बसलो होतो. मामाने पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच परत ठेवला. तो म्हणाला, "भाविक, एक काम कर. काल मी काय बोललो ते माज्या कानात सांग."

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "आठ."

त्याने डोळे मिटले. ओठ हलले, आवाज नाही. बराच वेळ तो तसाच बसला होता, आत कुठेतरी ऐकत.

"नाय रे," तो म्हणाला. "अजून सातच हाय."